आपलं दप्तर आपल्या हाती



हल्ली आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात छोट्या कारखानदाराला ऑर्डर कशावर येते, असं विचारलंत तर उत्तर एकच, व्हॉट्सअ‍ॅपवर. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर, "दोनशेऐवजी पाचशे करा" हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि रेट मान्य असल्याची खूण म्हणजे वर केलेला अंगठा! सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण सोय म्हणजे दप्तर नव्हे. फोन पाण्यात पडला, पोरगा नोकरी सोडून गेला, नंबर बदलला, की तो अंगठा कुठे शोधणार?

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याचा धंदा लहान, त्याने आपले कागद आपल्या ताब्यात ठेवावेत, आणि ते अशा स्वरूपात ठेवावेत की उघडायला कोणाच्या परवानगीची गरज पडू नये. मोठ्या कंपनीला वकील असतात, संगणक विभाग असतो. गाळेवाल्याकडे फक्त कागद असतो.

आता चिंचवडच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला ही उठाठेव कशाला, असं वाटेल. त्याला कारण आहे.

२००३ सालची गोष्ट. माझ्या पुतण्याचा भोसरीत गाळा आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन तेव्हा होतं. त्याने आयएसडीएनची लाइन घेतली. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. टेलिफोनची तांब्याच्या तारांची जोडी नेहमीचीच, पण एक्स्चेंजपासून आपल्यापर्यंत सगळं डिजिटल. त्या एका जोडीवर ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या, आणि १६ किलोबिटची एक धाकटी. थोरल्या दोघी बोलणं, फॅक्स, इंटरनेट यांसाठी. धाकटी निरोप सांगणारी, म्हणजे फोन कोणाचा आणि कुठल्या नंबरासाठी आलाय ते कळवणारी. एकीवर इंटरनेट चालू असताना दुसरीवर फॅक्स येऊ शकायचा. दोघी जोडल्या की १२८ किलोबिट, पण मग मीटरही दोन कॉलचं पडायचं. आज हा वेग ऐकून नातवंडं हसतात. तेव्हा ती चैन होती!

पाच टेबलांना पुरेल एवढं अधिकृत सॉफ्टवेअर परवडणारं नव्हतं, आणि चोरीचं पुतण्याला नको होतं. माझाच एक जुना विद्यार्थी डिप्लोमा करून त्याच्याकडे कामाला होता. तो म्हणाला, "बाई, आपण लिनक्स घालू. फुकट आहे, आणि आतलं सगळं वाचता येतं." मला त्यातलं 'वाचता येतं' एवढंच कळलं, पण तेवढं पुरलं. मे महिन्याची सुट्टी होती. तो जोडणी करायचा आणि मी डिक्शनरी घेऊन माहितीपत्रकं वाचायची. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, पण ते इंग्रजी मला जड गेलं नाही. कारण ते लिहिणाऱ्यांनी नुसतं 'हे बटण दाबा' असं लिहिलं नव्हतं, तर 'हे असं का' हेही लिहिलं होतं. लांबलचक प्रश्नोत्तरं होती. चांगला शिक्षक फळ्यावर उत्तर लिहून थांबत नाही, रीत दाखवतो, तसं. मी वाचलेलं सगळं मराठीत एका दोनशे पानी वहीत उतरवत गेले.

पहिल्याच महिन्यात टेलिफोनचं बिल फुगलं. रात्री गाळा बंद असताना संगणक आपोआप लाइन लावत होता. आता, ही गोष्ट बंद खोक्यातल्या यंत्रात घडली असती तर आम्ही काय केलं असतं? मेकॅनिकला बोलावलं असतं, किंवा रात्री वायर काढून ठेवली असती. पण इथे प्रत्येक कॉलची नोंद साध्या अक्षरांत लिहिलेली होती. किती वाजता, कुठल्या नंबरला, किती सेकंद. त्याच्याच शेजारी, लाइन कशामुळे लागली तेही. कुठलासा प्रोग्राम दर तासाला एका संगणकाचं नाव-गाव विचारायला बाहेर जात होता. नावं घरातल्या घरात सांगायची सोय केली, आणि रात्रीचे फोन थांबले. यंत्राने आपल्या वागण्याचं कारण सांगावं, ही अपेक्षा मी तेव्हापासून प्रत्येक यंत्राकडून ठेवते. बहुतेक यंत्रं निराश करतात.

मग फॅक्स. फॅक्स ही मुळात आवाजाची भाषा. कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा शिट्ट्यांच्या रूपात तारेवरून जातात आणि पलीकडे त्यांच्या पुन्हा रेघा होतात. हे काम आमच्याकडे हायलाफॅक्स नावाचा प्रोग्राम करायचा. तो सॅम लेफलर या गृहस्थांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. आलेला प्रत्येक फॅक्स तो चित्राच्या फाइलमध्ये ठेवायचा. त्या प्रकाराचं नाव टिफ. त्याची सहावी आवृत्ती १९९२ साली जाहीर झाली, आणि कुठला अंक कुठल्या जागी असतो हे त्यात छापून दिलेलं आहे. गंमत म्हणजे अशा फाइली वाचणारा मोकळा प्रोग्रामसंचही लेफलर यांनीच लिहिलेला. फॅक्स आला की वहीत लिहावी तशी एक ओळ नोंदवली जायची. दिनांक, वेळ, पाठवणाऱ्या यंत्राची ओळख, पानं.

त्याचं मोल २००८ साली कळलं. २००६ मध्ये एका ग्राहकाने फॅक्स करून दोनशे नगांची ऑर्डर पाचशे केली होती. माल गेला, चलनं झाली. पुढे तिथले परचेसवाले बदलले, आणि नव्या साहेबांनी वरच्या तीनशे नगांचे पैसे अडवले. "आमच्याकडे अशी ऑर्डर नाही." पुतण्याने त्या दिवसाची फाइल उघडली. कागदाच्या माथ्यावर ग्राहकाच्याच यंत्राने छापलेला नंबर आणि वेळ, खाली सही. इकडच्या नोंदीतही तीच वेळ. दोन्हीच्या प्रती नेऊन दाखवल्या आणि दोन आठवड्यांत चेक आला. त्याच सुमारास शेजारच्या गाळ्यातल्या गृहस्थांचं असंच भांडण चाललं होतं. त्यांचा फॅक्स होता उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत रोलवर. फाइलला लावलेला कागद जागेवर होता, पण अक्षर उडून गेलेलं! कोरा कागद घेऊन कोणाकडे दाद मागणार? त्यांनी ते पैसे सोडून दिले, आणि त्या दिवाळीला त्यांच्याकडे बोनस झाला नाही.

२००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने छोट्या पुरवठादाराला मोठा आधार दिलाय. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, नाहीतर व्याज आणि सुविधा परिषदेकडे दाद. पण कायदा झाला तरी विचारणार काय? "ऑर्डर दाखवा." हक्क कायद्यात असतो आणि तो मिळवण्याचा पुरावा आपल्या दप्तरात.

दप्तर म्हटलं की मुलांना पाठीवरची पिशवी आठवते, मला मात्र पेशवे दप्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात ते रुमाल जपलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. बहुतेक कागद मोडीत. मोडी आज वाचणारे थोडे, पण तिची बाराखडी कोणाच्या मालकीची नाही. चार महिने बसलात तर तुम्हीही शिकाल, म्हणून ते कागद जिवंत आहेत. आता कल्पना करा, पेशव्यांच्या कारकुनांनी एखाद्या सावकाराने विकलेल्या गुप्त लिपीत लिहिलं असतं आणि किल्ली त्या सावकाराच्या पेटीत राहिली असती तर? रुमाल तेवढेच, पण इतिहास शून्य.

मराठीत तर हे दुखणं आपण सगळ्यांनी सोसलंय. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण पुढे कित्येक वर्षं आपण ज्या-त्या फॉन्टच्या खासगी मांडणीत लिहीत राहिलो. फॉन्ट गेला की 'शाळा' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा. मी १९९८ साली टंकून घेतलेला स्नेहसंमेलनाचा अहवाल आज मला वाचता येत नाही, आणि २००६ सालचा फॅक्स मात्र नव्या लॅपटॉपवर दोन सेकंदांत उघडतो.

मोकळ्या सॉफ्टवेअरवर घेतले जाणारे आक्षेपही मला माहीत आहेत. पुतण्या तेव्हा म्हणायचाच, "काकू, फॅक्सचं यंत्र आणलं असतं तर दहा मिनिटांत सुरू झालं असतं, आपण तीन आठवडे घालवले." खरंय. लहान धंद्यात तीन आठवडे म्हणजे थोडे नव्हेत. दुसरा आक्षेप असा, की जाणणारा माणूस गेला की सगळं अडतं. आमचा विद्यार्थीही पुढे हिंजवडीला चांगल्या नोकरीवर गेला. पण आमचं अडलं नाही, कारण वही होती, आणि ती मराठीत होती. बारावी झालेल्या नव्या मुलाने ती वाचून दोन दिवसांत काम हातात घेतलं. म्हणजे अडचण सॉफ्टवेअर मोकळं असण्याची नसते, ज्ञान एकाच्याच डोक्यात राहण्याची असते.

एका गोष्टीत मात्र आमचीही दोरी दुसऱ्याच्या हातात होती. आयएसडीएन कार्डाचा जो भाग फॅक्सच्या शिट्ट्या ओळखायचा, तेवढा त्याच्या कंपनीने बंद ठेवला होता. पुढे लिनक्सची नवी आवृत्ती आली, बाकी सगळं चाललं आणि नेमका तेवढाच तुकडा अडून बसला. दुरुस्त करायला आत बघता येईना. शेवटपर्यंत त्या संगणकावर जुनी आवृत्ती ठेवावी लागली. दहा कड्यांची साखळी, नऊ आपल्या आणि एक परक्याची, तर बळ त्या एकीचंच.

असो. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि आयएसडीएनचे इंटरनेटपुरते दिवस सरले. फॅक्स आणखी काही वर्षं टिकला. २०१९ साली आलेल्या लिनक्सच्या ५.३ आवृत्तीतून आयएसडीएन-फॉर-लिनक्स हा जुना भागही काढून टाकला. वापरणारे उरले नाहीत, त्यात वाईट वाटायचं काही नाही. पण तो नाहीसा झालेला नाही. जुन्या आवृत्त्या जशाच्या तशा ठेवलेल्या आहेत, कोणीही उतरवून वाचाव्यात. जुन्या तंत्रज्ञानाला निरोप देण्याची ही सभ्य रीत मला फार आवडते.

म्हणजे आज सगळ्यांनी लिनक्सच घालावं का? माझा तसा हट्ट नाही. केरळने आपल्या शाळांमध्ये मोकळं सॉफ्टवेअर आणलं, तसं आपल्या शाळांत आणि आयटीआयमध्ये यावं असं मला वाटतं. यंत्राचं पोट उघडून बघायची सवय लहानपणीच लागते. पण गाळेवाल्याला उद्यापासून करण्यासारखं सोपं काम आहे. फोनवर आलेली ऑर्डर त्याच दिवशी पीडीएफ करून, दिनांक आणि पार्टीचं नाव घालून आपल्या संगणकावर ठेवायची. २००८ पासून पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, ते उघडायला एकाच कंपनीच्या दारात जावं लागत नाही. मूळ मेसेजही पुसायचा नाही. महिन्यातून एकदा दुसरी प्रत घरच्या ड्राइव्हवर. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायला कोणी आला तर पहिला प्रश्न: "माझा सगळा डेटा साध्या तक्त्यात बाहेर काढता येतो का?" त्याने मान खाली घातली तर चहा पाजून निरोप द्यायचा.

आणि हो, एक वही. मराठीत. कुठली फाइल कुठे आहे, बॅकअप कसा घ्यायचा, काही बिघडलं तर आधी काय बघायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणताना प्रमाणपत्र लागतं. ती कुठल्या यंत्रावर होती, ते यंत्र कोणाच्या ताब्यात होतं, हे त्यात सांगावं लागतं. ज्याची वही नीट, त्याला ते सांगताना चाचपडावं लागणार नाही.

आमच्या कुटुंबातले आणि ओळखीतले निम्मे लोक या पट्ट्यात काहीतरी बनवतात, म्हणून इतकं लांबण लावलं. तुमच्याकडे कागद कसे ठेवता, ते जरूर कळवा. आणि "बाई, आमचं सगळं फोनमध्ये आहे" असं उत्तर असेल, तर आज रात्री जेवणाआधी निदान गेल्या वर्षभराच्या ऑर्डरी तरी बाहेर काढा.