जून महिन्यातील बर्फ



गेल्या आठवड्यात एडिनबरातील आपल्याच एका कुटुंबाकडे जेवणाचे निमंत्रण होते. घरातील थोरली मुलगी फोर्थच्या खाडीपलीकडे, फाइफमध्ये, छोटे विमान चालविण्यास शिकते आहे. आई म्हणाली, "हिवाळाभर जीव टांगणीला असतो. आता जून लागला, बर्फाची भीती सरली." मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, इंजिनाच्या आतला बर्फ जूनमध्येही जमतो."

हे कोडे उलगडण्यास आपल्या घरचा माठ पुरेसा आहे. माठातून पाझरलेले पाणी उडून जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. जुन्या पद्धतीच्या छोट्या विमानांत, उदाहरणार्थ सेस्ना १५० मध्ये, पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये होते. तेथे पेट्रोलाची वाफ होते आणि अरुंद नळीतून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाबही घटतो. या दोन्ही कारणांनी आतील तापमान २० अंश सेल्सिअसहूनही अधिक उतरू शकते. बाहेर १५ अंशांची सुखद हवा असली, तरी आत पाणी गोठते. हवा जितकी दमट, तितका धोका मोठा. उलट कडाक्याच्या कोरड्या थंडीत बाष्पच कमी असते. एडिनबराच्या किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात उत्तर समुद्रावरून जे धुके येते, ज्याला येथील लोक 'हार' म्हणतात, ते या दमटपणाची उघड खूण होय.

हा बर्फ गाजावाजा करीत नाही. इंजिनाचे फेरे हळूहळू घटतात. वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सरकवितो आणि खूण झाकली जाते. उतरताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. तेव्हा झडपेपाशी बर्फ सहज साचतो आणि शक्तीची गरज पडते त्या क्षणी इंजिन साद देत नाही.

उपाय साधा आहे. एक खटका पूर्ण ओढला की धुराड्याभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये येते. मात्र बर्फ वितळून पाणी इंजिनात गेल्यामुळे ते आधी अधिकच खडखडते. नवशिका येथे घाबरून खटका परत ढकलतो, आणि हीच चूक घातक ठरते. थोडा धीर धरल्यास फेरे पुन्हा वाढतात. विलंबही परवडत नाही, कारण ही ऊब इंजिनाचीच असते. इंजिन बंद पडले की धुराडे निवते आणि उपायही संपतो. म्हणून उतरण्यासाठी शक्ती कमी करण्यापूर्वीच खटका ओढण्याची शिस्त लावली जाते. नेमकी कृती मात्र त्या त्या विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे आणि प्रशिक्षकाच्या सांगण्याप्रमाणेच करावी.

आपण मायदेशी जातो त्या जेट विमानांना कार्ब्युरेटर नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

निघताना दाराशी मुलगी दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाविषयी बोलत होती. आईने नेहमीप्रमाणे "स्वेटर घेतलास का?" असे विचारले. मग किंचित थांबून म्हणाली, "आणि उद्या हवा दमट आहे का, ते पाहिलेस का?"

भीती तीच होती; पण आता तिला योग्य प्रश्न सापडला होता.