एसजीपीटीचा धसका

वर्षातून एकदा 'फुल बॉडी चेकअप' करून घेण्याची पद्धत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील नोकरदार घरांत आता रुळली आहे. सकाळी घरी येऊन रक्त नेले जाते आणि संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये असतानाच मोबाइलवर अहवाल येतो. 40 च्या आत हवा असलेला एसजीपीटी 92 असा ठळक अक्षरांत दिसला, की झोप उडते. मग एकतर रात्रभर इंटरनेट चाळून थेट सिरॉसिसपर्यंत मजल जाते, नाहीतर 'बाहेरचे खाणे कमी करू' असे म्हणत अहवाल विसरला जातो. दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींतील विकरे. पेशींना इजा झाली, की ती रक्तात उतरतात. म्हणजे हा आकडा इजेची वर्दी देतो. यकृताचे काम किती चालले आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ पाहावा लागतो. तीव्र काविळीत एसजीपीटी हजारापुढे जाऊनही रुग्ण ठणठणीत बरा होतो. उलट जुन्या सिरॉसिसमध्ये तो जवळपास सामान्यही असू शकतो. एसजीओटी स्नायूंतही असते, त्यामुळे जोरकस व्यायामानंतर ते वाढलेले दिसते. म्हणूनच किरकोळ वाढ दिसली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करणे आणि कारण शोधणे, हा शहाणपणाचा मार्ग.

कारणांत सध्या अग्रभागी आहे तो यकृतात साठणारा मेद. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो उगाच नव्हे. गाडीतला आणि खुर्चीतला दिवस, रात्री दहाचे जेवण, वाढता घेर आणि मधुमेह यांचा हिशेब यकृतात मांडला जातो. पण दिलासाही इथेच आहे. वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी यकृतातील मेद घटू लागतो. सात ते दहा टक्क्यांनी उतरले, तर सूजही ओसरते. 80 किलोच्या माणसासाठी याचा अर्थ सहा ते आठ किलो, तेही उपाशी राहून नव्हे तर महिनोन्महिने सावकाश. यकृत दगावल्यासारखे वाटले तरी पुन्हा वाढणारा अवयव आहे. अर्ध्याहून अधिक यकृत दान केलेल्या व्यक्तीचे यकृत काही महिन्यांत जवळपास मूळ आकाराला येते. मात्र व्रण वाढत सिरॉसिस झाला, की ही संधी आकसते. वय, दोन विकरे आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून व्रणांचा धोका किती, याचा प्राथमिक अंदाज डॉक्टर मांडू शकतात. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

दुसरे कारण विषाणू. हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षे गुपचूप राहतात, म्हणून वाढलेल्या एसजीपीटीनंतर या दोन चाचण्या टाळू नयेत. सी आता बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि बी औषधांनी आटोक्यात राहतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी व उपचार मोफत आहेत.

धोका वाढतो तो 'लिव्हर साफ करणाऱ्या' काढ्यांमुळे. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पण पुढच्याच वर्षी देशातील अनेक केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद आली. काविळीची माळ घालणाऱ्यांचे यशही फसवे. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकदा आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला जाते. गर्भवतीला ई प्रकारची कावीळ झाली, तर मात्र हा विलंब जिवावर बेतू शकतो. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी, रक्ताची उलटी, काळी शी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर रुग्णालय त्याच दिवशी गाठावे.

चाचणी स्वस्त झाली, पण तिचा अर्थ सांगणारा माणूस दुर्मीळ राहिला, ही खरी अडचण. आकडा विकणाऱ्या प्रयोगशाळांनी अहवालासोबत डॉक्टरांशी दहा मिनिटांचे बोलणे द्यायला हवे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनीही आपल्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दुपार यकृताच्या अहवालांसाठी राखावी. दारू पूर्ण थांबवणे, स्वतःच्या मनाने औषधे न घेणे, रोजचे चालणे आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी, एवढे कुणीतरी समोर बसून सांगितले, तर 92 चा आकडा धसका न राहता वेळेवर मिळालेला इशारा ठरेल.