परीक्षानळीतला पांढरा ढग

अंडे उकडले की घट्ट होते आणि आंबूस दूध तापवले की फाटते, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. असे का होते, हे विचारले तर मात्र बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. या महिन्यात आम्ही तेवढेच सांगणार आहोत. हे उत्तर नीट समजले, तर घरातल्या गरोदर मुलीच्या किंवा सुनेच्या तपासणी-कार्डावरची एक ओळ वाचता येते, आणि त्या ओळीवर कधीकधी दोन जीव अवलंबून असतात.

अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. उरलेल्यात जवळजवळ सगळी प्रथिने. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. तिच्यात वीस प्रकारचे मणी असतात. ही माळ सरळ पसरलेली नसते. तसबीह मुठीत गोळा करून ठेवावी, तशी ती दुमडून घडी होऊन बसलेली असते. मात्र प्रत्येक प्रथिनाची घडी ठरलेली असते आणि त्या घडीवरच त्याचे काम अवलंबून असते. घडी नीट असेपर्यंत प्रथिन पाण्यात विरघळून राहते, म्हणून कच्चे अंडे पारदर्शक दिसते.

उष्णता दिली की घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात. माळ तुटत नाही, फक्त उलगडते. उलगडलेल्या माळा एकमेकींत गुंततात, त्यांचा गुंता पाण्यात विरघळू शकत नाही आणि तो पांढरा होऊन वेगळा पडतो. साठ अंशांच्या थोडे वर गेले की अंड्याचा पांढरा भाग बांधू लागतो. घडी मोडण्याला रसायनशास्त्रात ‘डिनॅचरेशन’ म्हणतात आणि तळाशी बसणाऱ्या साक्याला ‘अवक्षेप’. उकडलेले अंडे थंड पाण्यात ठेवून पुन्हा कच्चे होत नाही, कारण एकदा पडलेला असा गुंता सहसा आपोआप सुटत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही अंड्याचा पांढरा भाग पाण्यात ढवळून गाळून घेतो आणि चार परीक्षानळ्यांत भरतो. पहिली नळी तापवायची, दुसरीत आम्लाचे थेंब टाकायचे, तिसरीत स्पिरिट, चौथीत मोरचुदाचे पाणी. चारही नळ्यांत गढूळपणा येतो. उष्णता, आम्ल, मद्यार्क आणि जड धातूंचे क्षार, ही घडी मोडणारी चार नेहमीची साधने. सॅनिटायझर जंतू मारतो, त्याचे एक कारण हेच. त्यातला मद्यार्क जंतूंच्या प्रथिनांची घडी मोडतो.

पण साका दिसला म्हणजे घडी मोडलीच, असे नाही. अमोनियम सल्फेटसारखा क्षार भरपूर टाकला तरी प्रथिन खाली बसते, कारण क्षार पाणी स्वतःकडे ओढून घेतो. तिथे घडी शाबूत असते. वरून पुरेसे पाणी घातले की साका पुन्हा विरघळतो. म्हणून नुसते पाहून निष्कर्ष काढायचा नाही, पुढची कसोटीही करायची, हे मुलांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आमच्या हातकणंगले तालुक्यात वर्गात जैन आणि लिंगायत घरांतली मुलेही असतात. अंड्याला हात लावणे त्यांना नको असते. अशा वेळी दूध घ्यावे. दुधाच्या प्रथिनांत सुमारे ऐंशी टक्के केसीन असते. केसीन नुसत्या उष्णतेला दाद देत नाही, म्हणून ताजे दूध कितीही उकळले तरी फाटत नाही. आम्ल मात्र त्याला सोसत नाही. दुधाचा सामू साधारण ६.७ असतो, तो ४.६ च्या आसपास आला की केसीन वेगळे होते. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहिलेले दूध चुलीवर ठेवताच फाटते, तेव्हा दोष चुलीचा नसतो. दूध आधीच थोडे आंबलेले असते आणि उष्णता उरलेले काम करते.

चिकाच्या दुधाचे उलटे आहे. व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या दुधात वासराला रोगांपासून वाचवणारी प्रथिने भरपूर असतात आणि ती उष्णतेने बांधतात. म्हणून नुसत्या वाफेवर खरवस वडीसारखा जमतो. तेच भांडे, तीच वाफ, पण साधे दूध ठेवले तर खरवस होत नाही.

आपल्या भागातल्या गुऱ्हाळावरही हेच पाहायला मिळते. उसाच्या रसात साखरेबरोबर थोडी प्रथिने आणि इतर गाळ असतो. काहिलीतला रस तापू लागला की ही प्रथिने गोठतात. गुळव्या रानभेंडीचे चिकट पाणी घालतो. त्या चिकटपणात गोठलेला गाळ अडकतो आणि मळी होऊन वर तरंगतो. ती झाऱ्याने वेळेवर काढली नाही तर गूळ काळपट होतो. मळी कधी काढायची, हे गुळव्याला रसाकडे बघूनच कळते. त्याने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसेल, पण प्रथिनांचा अवक्षेप तो रोज हाताळतो.

आता मुख्य गोष्ट. कोमट दुधात लिंबू पिळून चोथा गाळून घ्या. खाली जे पिवळसर, निवळ पाणी उरते त्यात केसीन नसते, पण दुसरी काही प्रथिने विरघळलेली असतात. हे पाणी परीक्षानळीत भरून फक्त वरचा भाग तापवला, तर वर पांढरा ढग येतो आणि खालचा भाग तुलनेने निवळ राहतो. मुलांना हे फार आवडते. आणि हीच रीत वर्षानुवर्षे दवाखान्यात लघवी तपासायला वापरली गेली. १८२७ साली लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी सूज आलेल्या रुग्णांविषयी लिहिले, तेव्हा लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवण्याची साधी कसोटी त्यांनी वापरली होती. लघवी गढूळ झाली, तर मूत्रपिंडाकडे लक्ष द्यायचे.

निरोगी मूत्रपिंडाची गाळणी रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन अडवून धरते. गाळणी बिघडली की ते लघवीत उतरते. निवळ लघवीकडे नुसते पाहून ते कळत नाही. तापवल्यावर मात्र ढग दिसतो. पण इथेही पुढची कसोटी लागते. फॉस्फेट क्षारांनीही असाच ढग येऊ शकतो. म्हणून पातळ ॲसिटिक आम्लाचे काही थेंब टाकतात. ढग विरला तर तो फॉस्फेटचा, टिकला तर प्रथिनाचा. आता बहुतेक ठिकाणी रंग बदलणारी पट्टी वापरतात. पट्टीचा पिवळा भाग हिरवट झाला, तर प्रथिन आहे असे समजतात.

गरोदरपणात ही तपासणी का करतात? वीस आठवड्यांनंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागते. या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. वेळेवर लक्ष दिले नाही तर झटके येऊ शकतात आणि आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. सुरुवातीला बाईला काहीच त्रास जाणवत नाही, हीच यातली अडचण. ‘पहिलटकरीण आहे, पायाला सूज येणारच’ असे म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका धीर देतात. त्यांची माया खरी, पण साधी सूज कोणती आणि धोक्याची कोणती, हे डोळ्यांनी ठरत नाही. रक्तदाबाचे यंत्र आणि लघवीची तपासणी, या दोन्ही गोष्टी लागतात. यातली एक ठीक आली म्हणून दुसरी सोडायची नाही.

आमच्या पाहण्यात असे येते की बाटलीत लघवी नेऊन द्यायला बायका संकोचतात. घरातली पुरुषमंडळी याला ‘बायकांचा मामला’ म्हणून बाजूला राहतात. रसूलुल्लाह (स.) यांनी आजारात इलाज करण्याची शिकवण दिली आहे. हया ही चांगली गोष्ट आहे, पण इलाज टाळण्यासाठी तिचा आधार घेऊ नये. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. गावातल्या आशाताईंना विचारले तरी सगळी माहिती मिळते.

घरी कार्ड असेल तर ते आज काढून पाहा. प्रत्येक भेटीच्या रकान्यात रक्तदाबाचा आकडा आणि लघवीतल्या प्रथिनाची नोंद आहे का? रकाना रिकामा असेल तर पुढच्या भेटीत तपासणी करायला सांगा. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, प्रथिनापुढे अधिकचे चिन्ह असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. अधिकचे चिन्ह पाहून घाबरून जाऊ नका. जंतुसंसर्गानेही ते येऊ शकते. डॉक्टर पुन्हा तपासून ठरवतील. डाळ आणि अंडी खाल्ल्यामुळे लघवीतून प्रथिन जाते, अशा समजुतीने मात्र तिचे खाणे तोडू नका. आहार काय ठेवायचा, ते डॉक्टरांनाच विचारा.

चुलीवर चमचा तापवून घरी ही तपासणी कुणी करू नये. घरच्यांनी फक्त कार्ड वाचायचे आणि तिला वेळेवर घेऊन जायचे. तिच्यासोबत शौहर गेला, तर फारच चांगले.