‘जैव’ प्लास्टिक घ्या, पण उकळत्या पाण्याने पारखून घ्या

राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. २०२२ च्या अखेरीस राज्य शासनाने कंपोस्ट होणाऱ्या कप-प्लेटांना सिपेट व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राच्या अटीवर मुभा दिली. त्यामुळे औरंगाबादच्या आपल्या ठोक व्यापाऱ्यांना आणि वाळूज-चिकलठाण्यात साचे चालवणाऱ्या कारागिरांना एक नवा धंदा खुला झाला. मात्र प्रमाणपत्राने माल कायदेशीर ठरतो. तो गरम अन्नाला चालेलच, असे त्यावरून ठरत नाही. आमच्या मते नुकसानीचे मूळ इथेच आहे.

या मालात मुख्यतः पीएलए असते. मका किंवा उसाच्या साखरेपासून ते बनते. त्याचा वितळबिंदू साधारण १५० ते १८० अंश, आणि दलाल हाच आकडा सांगतो. परंतु साधे पीएलए ५५ ते ६० अंशांवरच मऊ पडते. कपातला चहा आणि नान-खलियाचा रस्सा यांहून कितीतरी गरम असतो. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या टेम्पोत रचलेला मालही वाकडा होऊ शकतो.

याचे कारण हलवाई बंधूंना लगेच समजेल. साखरेचा पाक झटकन थंड केला तर काचेसारखा गोळा होतो, सावकाश थंड होऊ दिला तर खडीसाखर बनते. पीएलएचे तसेच आहे. थंड साच्यात ते रवे धरण्याआधीच गोठते. साचा १०० अंशांच्या आसपास तापवून वेळ दिला, थोडी टाल्क पावडर मिसळली, तर रवे धरतात आणि वस्तू ८०-९० अंशांपर्यंत आकार टिकवते. प्रत्येक नगाला वेळ जास्त लागतो, म्हणून तो महाग पडतो. स्वस्त मालात नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

तेव्हा खरेदीपूर्वी एवढे करावे. पारदर्शक पीएलए कप थंड सरबतापुरताच समजावा. पांढरा रंग हा पुरावा नव्हे, रंग वरूनही घालता येतो. नमुन्यात उकळते पाणी ओतून दहा मिनिटे थांबावे. साचेवाल्यांनी दाणा नीट वाळवूनच वापरावा. ओलसर दाणा तापला की पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ निघतो. रवे न धरलेला दाणा मात्र ६० अंशांपुढे वाळवल्यास गोळा होऊन बसतो.

सिपेटचे केंद्र आपल्या शहरातच, चिकलठाण्यात आहे. एकेकट्याला चाचणीचा खर्च जड वाटत असेल तर पाच-दहा दुकानदारांनी मिळून नमुना द्यावा. बंदीखालील माल सापडल्यास पहिला दंड ५ हजार, दुसरा १० हजार आणि तिसऱ्या वेळी २५ हजार व तीन महिने कैद, हेही ध्यानात असावे.

मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ‘हा कप थंडासाठीच’ एवढे तीन शब्द खोक्यावर छापायला खर्च येत नाही. पण त्यावर रोजी हलाल राहते आणि दुकानाची पतही.