माशालाही घाण उपसायला लावणार?

संगमेश्वरात शास्त्री आणि सोनवी एकमेकींत मिसळतात. कोण वरची, कोण खालची, पाणी विचारत नाही. विचारतात ती काठावरची माणसं.

मे महिन्यात मुंबईहून एस.टी.नं गावाला गेलो. पावसाळ्यात अंगावर येणारं पाणी उन्हाळ्यात डोहापुरतं उरतं. आमच्या वाडीखालचा डोह हिरवागार. वरच्या वस्तीची मोरी, गोठ्याचं शेण, साबणाचा फेस, सगळं उताराला. आणि उताराला आम्ही.

आजी म्हणाली, "डासांसाठी गप्पी मासं सोडल्यानी. पन पानी आदीपरीस हिरवा झाला."

आजी शाळेची पायरी चढली नाही. पण १९७२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गप्पीचाच भाऊबंद गॅम्बुशिया मासा तळ्यांत सोडून हेच पाहिलं. हा मासा डासांच्या अळ्या खातो, तशा पाण्यातल्या बारीक पिसवाही खातो. पिसवा शेवाळ खातात. पिसवा संपल्या की शेवाळ माजतं.

ही साखळी उलटी फिरवायची, या युक्तीला १९७५ साली जोसेफ शपिरो आणि त्याच्या साथीदारांनी नाव दिलं : बायोमॅनिप्युलेशन. मरळीसारखा शिकारी मासा सोडा. तो बारके मासे खाईल, पिसवा वाढतील, पाणी नितळेल. थंड देशांतल्या काही उथळ तळ्यांत हे जमलं. पण टिकायला अट एक : बाहेरून येणारी घाण आधी रोखायची. त्या घाणीतला फॉस्फरस हेच शेवाळाचं खत. आणि आपल्या उष्ण मुलखात बारके मासे जवळजवळ वर्षभर वितात. एक खाल्ला, दहा हजर. मरळ एकटी काय करील?

दोस्तांनो, ही रीत ओळखीची वाटते ना? वरच्यानं घाण करायची, खालच्यानं निस्तरायची. माणसाकडून मैला उपसून घ्यायला १९९३ साली कायद्यानं बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा आला. तरी गटारात माणसं मरतातच. आता तेच काम माशाच्या गळ्यात मारायचं आणि वर त्याला विज्ञान म्हणायचं!

शुद्धीची यांची अक्कल आपण महाडात पाहिली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यावर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. म्हणे तळं शुद्ध झालं! माणसाच्या ओंजळीनं तळं बाटतं आणि शेणानं उजळतं, हे कुठलं शास्त्र? शेण म्हणजे शेवाळाला खुराक. तळं घाण केलं ते यांच्या शुद्धीनं.

डेंग्यू खोटा नाही. तो खालच्या वाडीलाच आधी गाठतो. गप्पी हवा तर हौदात सोडा, टाकीत सोडा. ओढ्यात, डोहात नको. तो दक्षिण अमेरिकेचा. वाहत्या पाण्यात एकदा पसरला की त्याला परत बोलावता येत नाही, आणि त्याचा जाच इथल्या माशांना.

म्हणून सांगणं सरळ आहे. आधी वरची मोरी अडवा, शोषखड्डे खणा, गोठ्याचं शेण शेतात न्या. मग लागलीच तर इथली मरळ सोडू. आणि कुठल्या पाण्यात कुठला मासा, हे ठरेल त्या ग्रामसभेत उताराखालचा माणूस हवा. दाराशी उभा नको, आत बसलेला हवा.

आजीला तिथं बोलू द्या. पाणी हिरवं झालेलं पहिल्यांदा तिनं पाहिलं.