हिरवी भिंत फुफ्फुसांसाठी नव्हे, डोळ्यांसाठी

संपादक महोदय,

घरात झाडं लावून केलेल्या हिरव्या भिंतींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. भिंत देखणी दिसते, यात वाद नाही. वाद आहे तो 'खोलीची हवा शुद्ध होते' या वाक्याशी.

या समजाचं मूळ १९८९च्या नासाच्या अहवालात आहे. बिल वुल्व्हर्टन यांनी झाडं हवाबंद पेटीत ठेवली आणि बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड कमी झाल्याचं दाखवलं. पण आपली घरं हवाबंद पेट्या नाहीत. फटीफटीतून हवा ये-जा करतच असते. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी १२ अभ्यासांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला: इमारतीत एरवी होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० झाडं लागतील. शंभर चौरस फुटांच्या खोलीत किमान नव्वदेक! तेवढी भिंतीवर मावतील, असं कोणी म्हणेल. पण हा झाला खालचा आकडा. वरचा नऊ हजारांपुढे जातो. आणि एवढं करून मिळणार काय, तर उघडी खिडकी फुकट देते तेच. पंख्याने मुळांमधून हवा खेचणाऱ्या भिंती जास्त काम करतात, पण आपल्याकडे बहुतेकदा विकले जातात ते नुसते कप्पे.

दुसरा मुद्दा दमटपणाचा. पानं हवेत बाष्प सोडतात. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ते सुखाचं वाटेल. ठाण्याच्या जुलैत मात्र तोच ओलावा भिंतीत मुरतो. आमच्या सोसायटीच्या लॉबीत अशी भिंत लावली, तर पहिल्याच पावसाळ्यात पॅनेलमागे बुरशी धरली, खालच्या ट्रेमध्ये डासांच्या अळ्या सापडल्या. आता तिथे प्लास्टिकची पानं आहेत. शेजारची 'शुद्ध हवा' ही पाटी अजून तशीच आहे.

हिरवाईने मन निवतं, हे मी नाकारत नाही. रॉजर उलरिच यांच्या १९८४च्या अभ्यासात, खिडकीतून झाडं दिसणाऱ्या खोल्यांतले पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तेव्हा डोळ्यांना बरं वाटतं म्हणून भिंत जरूर लावा, पाणी घालायला माणूस असेल तर. पण विकणाऱ्यांनी ती शोभेची म्हणूनच विकावी, आणि आपल्या पुरवणीनेही तसंच छापावं.

— एक वाचक, ठाणे