निळ्या बाईची जात कुठे गेली?

'स्थलांतरित स्त्री कलाकार' हा सध्या आपल्याकडच्या सवर्ण समीक्षेचा आवडता विषय आहे. बाई आहे, परदेशात राहते, दोन-तीन संस्कृतींमध्ये तिची ओढाताण होते, आणि त्यातून चित्रं जन्माला येतात. अशा लेखांत लिंगभाव असतो, वंश असतो, धर्म असतो, मायदेशाची आठवण असते. फक्त जात नसते. माझं म्हणणं सरळ आहे. भारतातून गेलेल्या बाईच्या कलेतून जात गाळून वाचन केलं, तर तिचं बाईपणही कळत नाही आणि तिची संस्कृतीही कळत नाही.

उदाहरण आपल्या मराठी मातीतलंच घेऊ. सियोना बेंजामिन. जन्म १९६०, मुंबई. समाज बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शिक्षण कॅथलिक आणि पारशी शाळांत, पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, नंतर अमेरिकेत. आता त्या न्यू जर्सीत राहतात. मुघल लघुचित्रं, ख्रिस्ती धर्मचित्रं, अमर चित्रकथा आणि अमेरिकन पॉप आर्ट या सगळ्यांची सरमिसळ त्यांच्या चित्रांत दिसते. 'फाइंडिंग होम' या त्यांच्या गाजलेल्या मालिकेत बायका निळ्या कातडीच्या आहेत. निळा हा आकाशाचा आणि समुद्राचा रंग, तो कोणत्याच देशाचा नाही, असं त्या सांगत आल्या आहेत. आदमची आज्ञा झुगारणारी लिलिथ त्यांनी कॉमिकच्या शैलीत रंगवली. काम मोठं आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. माझा वाद सियोनाताईंशी नाही. वाद आहे तो 'तीन संस्कृतींचा सुंदर संगम' एवढं म्हणून पुढे जाणाऱ्या आपल्या वाचनाशी.

कारण हा समाज कोकणात नुसता 'संस्कृती' म्हणून राहिला नाही. गावगाड्यात त्याला जागा दिली गेली, ती जातीची. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. यहुदी धर्मग्रंथात तेली नावाची जात नाही. तरी पेण, रोहा, चौल, अलिबागच्या पट्ट्यात आल्यावर त्या धर्माच्या माणसांनाही उतरंडीत एक पायरी मिळालीच. आडनावं पेणकर, रोहेकर झाली, मायबोली मराठी झाली आणि सोबत जातही आली.

ती फक्त बाहेरून चिकटली नाही, आतही शिरली. बेने इस्रायलांमध्ये 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे दोन गट होते. यहुदी नसलेल्या बाईच्या पोटी जन्मलेल्यांचे वंशज ते काळे. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, पंगतीला बसायचं नाही. ही भाषा ओळखीची वाटते ना? नाव गोऱ्या-काळ्याचं, पण भेद कातडीच्या रंगाचा नव्हता. प्रश्न एकच होता, तुझी आई कोण?

बाबासाहेबांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्यांची मांडणी अशी की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचं तर प्रत्येक गटाला बाईवर ताबा ठेवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्या ताब्याची हत्यारं. म्हणजे आपल्याकडे लिंगभाव हा एक प्रश्न आणि जात हा दुसरा, असं नसतंच. बाईच्या कुशीवर पहारा बसवल्याशिवाय जात उभी राहत नाही. त्याच निबंधात बाबासाहेबांनी केतकरांचा हवाला देऊन इशाराही दिला आहे की हिंदू जगभर पसरले तर जात जगाचा प्रश्न होईल. हे एका स्थलांतरित विद्यार्थ्याने परदेशी बसून लिहिलं होतं. स्त्री, जात आणि स्थलांतर एकाच निबंधात. आपले समीक्षक मात्र अजून फ्रेंच आणि अमेरिकन पुस्तकं चाळत बसले आहेत.

पुढचा प्रसंग बघा. इस्रायल स्थापन झाल्यावर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले. आपल्याच धर्माच्या देशात जातोय, ही भावना होती. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं इतर यहुद्याशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आईच्या आईवडिलांची, शक्य तितकं मागे जाऊन चौकशी करावी. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि १९६४ मध्ये त्या फर्मानातून समाजाचं नाव काढायला लावलं. पण गंमत पाहा. नवगावच्या किनाऱ्यावर गोऱ्यांनी काळ्यांना जो प्रश्न विचारला, तोच जेरुसलेममध्ये सगळ्यांना विचारला गेला. तुझी आई कोण? ज्या समाजातल्या बायकांच्या वंशावर दोन देशांत संशय घेतला गेला, त्या समाजातली एक चित्रकार घर शोधणाऱ्या निळ्या बायका काढते, तेव्हा ते 'संगम' म्हणून कसं वाचायचं?

कोरियन-अमेरिकन कलाकार थेरेसा हाक क्युंग चा यांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९५१ मध्ये बुसानला जन्मलेल्या, लहानपणी अमेरिकेत गेलेल्या या बाईंचं 'डिक्टे' १९८२ मध्ये आलं. ते वाचताना कोरियावरची जपानी सत्ता, कोरियन भाषेवरची बंदी आणि त्यात जगलेली त्यांची आई गाळून कोणी 'दोन संस्कृतींचा संगम' लिहिलं, तर त्याला अभ्यासक म्हणणार नाहीत. मग भारतीय बाईच्या कलेतून जात गाळणाऱ्याला का म्हणायचं?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : 'तुम्ही सगळीकडे जात आणता.' आम्ही आणत नाही, ती सामानात असते. सिएटल शहराला २०२३ मध्ये जातीभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसंच विधेयक गव्हर्नरने सही न करता परत पाठवलं. तिथल्या अनेक हिंदू संघटनांनी या दोन्हींना विरोध केला. जात समुद्रापलीकडे गेलीच नसेल, तर विरोध कशाला?

दुसरा आक्षेप : 'कलाकाराने हे सगळं मांडलंच पाहिजे का?' तसा हुकूम कोणी देत नाही. पण ज्यांनी मांडलं त्यांना कोणत्या रांगेत बसवता ते सांगा. त्याच कोकणातल्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्मिला पवार मुंबईला आल्या. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या आईचं काम आणि आपलं लिहिणं यांचा धागा जोडून त्यांनी 'आयदान' लिहिलं. गाव सोडणं, बाई असणं, दलित असणं, बौद्ध होणं, सगळं एका विणीत आहे. तरी त्यांचं लेखन 'दलित साहित्य' या कप्प्यात जातं आणि 'स्थलांतर, स्त्री आणि अस्मिता' हा मोठा विषय परदेशी गेलेल्यांसाठी राखून ठेवला जातो. ही वाटणी कोणी केली?

हे सगळं मी नगर जिल्ह्यातून लिहितो आहे. इथलं हिवरे बाजार जगाला माहीत आहे. दुष्काळाने पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबं पाणी आल्यावर परत आली, असं हे गाव. घर सोडणं आणि घर सापडणं याची खरी गोष्ट तिथे आहे आणि ते काम मोलाचंच आहे. आदर्श गावाची सूत्रं आपल्याला पाठ आहेत : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, लोटाबंदी, बोअरवेलबंदी. हिवरे बाजारने लग्नाआधी एचआयव्ही तपासणीही सक्तीची केली. म्हणजे गावाने मनावर घेतलं तर ते लग्नाच्या मांडवापर्यंत जाऊ शकतं.

मग सूत्रांच्या यादीत जातीचं नाव का नाही? याच जिल्ह्यात सोनईला २०१३ मध्ये तीन तरुण आणि खर्ड्याला २०१४ मध्ये एक शाळकरी मुलगा मारला गेला. निमित्त एकच, वरच्या जातीतल्या मुलीशी असलेली किंवा असल्याचा संशय असलेली जवळीक. ज्या पहाऱ्याबद्दल बाबासाहेबांनी १९१६ मध्ये लिहिलं, तो हाच.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. समीक्षकांनो, निळ्या बायकांसमोर उभे राहाल तेव्हा 'कोणत्या देशाची' एवढंच विचारू नका, 'कोणत्या पायरीवरची' हेही विचारा. आणि आदर्श गावांच्या योजनाकारांनो, कसोट्यांमध्ये एक वाढवा : जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्याला गावात निर्धास्त राहता येतं का? झाडं मोजता, विहिरींची पातळी मोजता, तर हेही मोजा.

जय भीम!